भिजलेल्या यंत्रांची शुश्रूषा

नदीकाठच्या गावांना घरात पाणी शिरणे नवे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांनी बेळगाव जिल्ह्यातील कित्येक गावांना वेढा घातला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेतील सखल वस्त्या मुसळधार पावसाने पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या घराघरांत शिरले आणि त्या पाण्याबरोबर नदीतील मगरीही वस्तीत आल्या. पूर्वी पूर ओसरला म्हणजे घरातील माणसे धान्य, अंथरुणे आणि कागदपत्रे उन्हात घालीत. ती आजही घालतात. पण आता त्या ओळीत मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच आणि इन्व्हर्टर हेही येऊन बसले आहेत. चादर वाळली की पुन्हा अंथरता येते. कागद वाळला तर डागांमधूनही वाचता येतो. या नव्या वस्तूंची तऱ्हा निराळी आहे. त्या वाळतात, काही वेळा एखादा दिवस नीट चालतातही, आणि मग मरतात.

मोबाइल गेला तर नवा घेता येतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला ते शोभते. पण पुरानंतरच्या त्या आठवड्यात बँकेचा व्यवहार, आधारच्या पडताळणीसाठी येणारा परवलीचा आकडा, नुकसानभरपाईसाठी पडक्या भिंतीचे काढलेले छायाचित्र, परगावच्या मुलाचा क्रमांक, हे सारे त्याच एका पेटीत असते. आणि पुष्कळ घरांत त्याच पेटीत गेलेल्या माणसाचा आवाजही जपून ठेवलेला असतो. तो दुकानात विकत मिळत नाही. म्हणून भिजलेल्या यंत्राची शुश्रूषा कशी करावी हा विषय वाटतो तितका किरकोळ नव्हे.

पाणी यंत्राचे नेमके करते तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. कारण यासंबंधीचे बहुतेक घरगुती उपाय ‘ओल काढली की काम झाले’ या एकाच समजुतीवर उभे आहेत, आणि ती समजूत अर्धवट आहे.

अगदी शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. परंतु शुद्ध पाणी प्रयोगशाळेबाहेर भेटत नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात, पुराच्या पाण्यात माती, गटार आणि खतांचे अंश असतात, आणि समुद्राच्या पाण्याची तर गोष्टच नको. त्याची वाहकता अतिशुद्ध पाण्याच्या सुमारे दहा लाख पट भरते. असे पाणी यंत्रात शिरले आणि त्याच वेळी आत वीज खेळत असली, म्हणजे दोन गोष्टी घडतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे : जिथे वीज जायला नको तिथे ती जाते, आणि एखादा नाजूक भाग क्षणात जळतो. दुसरी गोष्ट मुकाट्याने चालते आणि अधिक घातक असते. तिला विद्युत्-विच्छेदन म्हणतात.

शाळेत ही गोष्ट दाखविणे फार सोपे आहे. काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घ्यावे, त्यात तांब्याच्या दोन तारा एकमेकींना न लागतील अशा सोडाव्यात आणि त्यांची वरची टोके विजेरीच्या दोन-तीन सेलांच्या माळेला जोडावीत. एका तारेवर तत्काळ बुडबुडे येऊ लागतात. दुसरी तार काही मिनिटांत काळवंडते, पाण्यात पिवळसर-हिरवट गाळ उतरू लागतो, आणि तास-दीड तासाने ती तार बाहेर काढली तर बोटांना खडबडीत लागते, कारण तिचे तांबे पाण्यात गेलेले असते. वर्गातील तार बरीच जाड असते. मोबाइलच्या आतील तांब्याच्या रेघा केसाहून बारीक असतात, आणि दोन रेघांमधील अंतरही तसेच. तिथे तास-दीड तास लागत नाही. शिवाय एका रेघेतून सुटलेले धातूचे कण दुसरीकडे जाऊन साठतात, त्यांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटतात, आणि तो धातूचा पूल पलीकडे टेकला की पाणी आटून गेल्यावरही दोन रेघा कायमच्या जोडल्या जातात. दुरुस्ती करणाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे हिरवे-पांढरे बुरशीसारखे थर स्पष्ट दिसतात.

यातून पहिला धडा निघतो. शत्रू केवळ पाणी नव्हे. पाणी आणि वीज यांची गाठ पडणे हा खरा शत्रू आहे. वीज तोडली की विच्छेदन जवळजवळ थांबते. मग साधे गंजणे तेवढे उरते, आणि त्याला पुष्कळ अधिक वेळ लागतो.

ही गाठ सोडवताना यंत्राआधी माणसाचा जीव पाहावयास हवा. पाणी भरलेल्या खोलीत प्लगला हात लावण्यासाठी कोणीही उतरू नये. मुख्य स्विच कोरड्या जागी उभे राहून बंद करता येत असेल तर करावा. नसेल तर वीज खात्याच्या माणसाने तो भाग बंद करेपर्यंत थांबावे. आपल्याकडील घरांत एक जास्तीचा धोका असतो, आणि त्याचा विसर फार लोकांना पडतो : इन्व्हर्टर. बाहेरची वीज गेली, गल्लीत अंधार झाला, म्हणजे लोक निर्धास्त होतात. पण इन्व्हर्टर त्याच वेळी जागा होतो आणि घरातील तारांमध्ये २३० व्होल्टची वीज सोडतो. त्याची बॅटरी बहुधा जिन्याखाली किंवा कोपऱ्यात जमिनीवरच ठेवलेली असते, म्हणजे पाण्याच्या वाटेत. पाणी चढण्याची चिन्हे दिसताच इन्व्हर्टर बंद करून त्याचा घरातील तारांशी असलेला संबंध तोडणे हे काम लॅपटॉप वर उचलून ठेवण्याच्याही आधीचे आहे.

आता मोबाइल. पूर न येताही पाण्यात पडणारी ही वस्तू आहे. ती बादलीत पडते, विहिरीत पडते. गोव्यात २४ जूनला सांजावच्या सणाला डोक्यावर फुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या घेणाऱ्यांपैकी दरवर्षी कोणी ना कोणी खिसा चाचपायला विसरत असेलच. पाण्यातून वर काढताच मनुष्य पहिली गोष्ट कोणती करतो? बटण दाबून पाहतो की हा चालू आहे का. याहून वाईट गोष्ट दुसरी नाही. आत पाणी असताना वीज खेळविण्याचे काम तो स्वतःच करीत असतो. दुसरी तितकीच वाईट गोष्ट म्हणजे ‘चार्जिंगला लावून पाहू’. चालू असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे; बंद पडले असेल तर बंदच राहू द्यावे. जुन्या मोबाइलची बॅटरी नखाने काढता येत असे, आणि त्या एका सोयीमुळे कित्येक यंत्रे वाचली. आजच्या बहुतेक मोबाइलांची बॅटरी आत चिकटविलेली असते, आणि यंत्र बंद केले तरी आतील काही रेघांत थोडी वीज राहतेच. कारण बटण दाबल्याचे कळण्यासाठी कोणाला तरी जागे राहावे लागते. म्हणूनच आजच्या मोबाइलच्या बाबतीत वेळ फार मोलाचा आहे. दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा पहिल्या काही तासांत तो जाणत्या कारागिराकडे नेऊन बॅटरीची जोडणी सोडविणे केव्हाही चांगले.

दरम्यान घरी करण्यासारखे थोडेच असते. वरून पुसावा, आवरण काढावे, सिमकार्ड व स्मृतिकार्ड असेल तर तेही काढावे. ही दोन्ही कार्डे सहसा पाण्याने मरत नाहीत. सिम पुसून, पूर्ण सुकवून दुसऱ्या साध्या मोबाइलमध्ये घातले की निदान परवलीचे आकडे आणि नातेवाइकांचे फोन येऊ लागतात. पूरग्रस्त घराला हीच मोठी गोष्ट असते. मग चार्जिंगचे तोंड खाली करून यंत्र तळहातावर हलकेच आपटावे आणि वाऱ्यावर, पंख्याजवळ ठेवावे. जोरजोराने झटकू नये, कारण कोपऱ्यातील पाणी त्याने आणखी आत जाते. चार्जिंगच्या छिद्रात कापूस किंवा काडी घालू नये.

आणि तांदूळ? भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय आता सर्व जातिधर्मांत, सर्व प्रांतांत सारख्याच श्रद्धेने पाळला जातो. त्यात तथ्य किती, हे कोणत्याही वाण्याला विचारावे. साठवणीच्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो; तो आणखी पाणी ओढून घेण्यास फारसा उत्सुक नसतो. शिवाय तांदूळ बाहेर आणि पाणी धातूच्या टोपणाखाली, सूक्ष्म चकत्यांच्या पोटाशी केशाकर्षणाने अडकलेले. दोघांची भेट कुठे व्हावयाची? उलट तांदळाचा पीठकण मात्र छिद्रांत शिरतो आणि ओलाव्याशी मिळून खळ होते. अॅपल कंपनीने तर आपल्या ग्राहकांना मोबाइल तांदळात ठेवू नये असे स्पष्टच लिहून कळविले आहे, आणि २०२४ च्या आरंभी त्याचा वृत्तपत्रांत बराच गाजावाजा झाला. तांदळाने वाचला असे ज्यांचे म्हणणे असते त्यांचा मोबाइल बहुधा दोन दिवस बंद राहिल्यामुळे वाचलेला असतो; श्रेय डब्याला मिळते एवढेच. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा सरस खऱ्या, पण त्याही आत साचलेले क्षार काढू शकत नाहीत. कोकणपट्टीत जुलै महिन्यात हवेतच ८० ते ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तिथे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वातानुकूलित खोली बरी; तिथली हवा कोरडी असते.

उष्णतेचा मोह टाळावा. केस वाळविण्याचे यंत्र, इस्त्री, चुलीजवळची जागा, दुपारच्या उन्हातील गच्ची हे सारे त्याज्य. उष्णतेने पडद्याचे थर सुटतात, पाणी रोखणारा डिंक मऊ पडतो, आणि लिथियमची बॅटरी तापली म्हणजे काय होते ते वेगळे सांगावयास नको.

पुढची गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटेल. समुद्रात किंवा गढूळ पाण्यात पडलेले यंत्र नुसते सुकविणे हे पुष्कळदा त्याला मारणेच होय. पाणी उडून जाते, मीठ राहते. आणि मीठ पावसाळी हवेतील ओल पुन्हा ओढून घेते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी नावाच्या वादळात नेवार्क बंदरावर समुद्राचे पाणी चढले, आणि तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कंपनीच्या १६ मोटारी जळून गेल्या. सर्वांनी बोट दाखविले ते त्यांच्या मोठ्या लिथियम बॅटरीकडे. कंपनीने चौकशीअंती सांगितलेले कारण वेगळेच होते : एका मोटारीच्या नियंत्रक पेटीत मीठ उरले, त्याने गंज चढून आत जोड लागला, साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीने त्यातून वीज ढकलली आणि आग लागली, वाऱ्याने ती शेजारच्या मोटारींवर नेली. म्हणजे १२ व्होल्टही पुरे झाले. भरीस मीठ होते.

म्हणून कारागीर भिजलेले यंत्र उघडतो, बॅटरी सोडवितो आणि मग त्याचा पाटा चक्क पुन्हा धुतो : आधी ऊर्ध्वपातित पाण्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळते, फटींतील पाणी आपल्याबरोबर बाहेर काढते आणि स्वतः लवकर उडून जाते. मऊ ब्रशने हिरवे थर काढले जातात; चांगल्या दुकानात ध्वनिलहरींनी स्वच्छ करणारे भांडेही असते, त्यातील सूक्ष्म बुडबुडे चकत्यांच्या पोटाखालचा मळ सोडवितात. हे काम घरी करण्याची हौस असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आयसोप्रोपिलची वाफ साध्या खोलीच्या उष्णतेलाही ठिणगीने पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातील वा वेदीवरील दिवा विझलेला हवा. दुसरे असे की, २०२० च्या साथीपासून घरोघरी असलेले हात चोळण्याचे सॅनिटायझर इथे चालत नाही. त्यात पाणी असते, आणि बहुधा ग्लिसरीनसारखा चिकट पदार्थही.

‘पाण्याला न भिणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोबाइलांबद्दल थोडे. त्यांच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ असा आकडा असतो. ६७ चा अर्थ एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. ६८ ची खोली आणि वेळ कंपनी ठरविते. पण ही परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यात आणि कोऱ्या यंत्रावर घेतलेली असते. समुद्राची लाट, साबणाचे पाणी, दोन वर्षांत कडक झालेला रबर आणि एकदा खाली पडून तिरपी झालेली चौकट यांची हमी त्यात नाही. पाण्याने झालेली हानी बहुतेक कंपन्या विनामूल्य दुरुस्तीत धरीत नाहीत. आतील पांढरा ठिपका पाण्याने लाल झाला की त्यांना सारे कळते.

लॅपटॉपचा मुख्य वैरी पूर नव्हे, चहा. दुधाचा, साखरेचा चहा पाण्यापेक्षा वाईट, कारण तो सुकल्यावर चिकट थर मागे राहतो. प्लग काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, आणि उघडलेले पुस्तक पालथे घालावे तसा लॅपटॉप पालथा घालावा, म्हणजे कळफलकातून शिरलेला द्रव खालच्या पाट्याकडे न जाता परत बाहेर ठिबकतो.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न आतील माहितीचा. यंत्र मेले म्हणजे आतील माहिती मेली असे मुळीच नव्हे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते पृथ्वीवर परतताना फुटले. त्या अवशेषांत काही महिन्यांनी, एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात, संगणकाची एक जळकी, वेडीवाकडी स्मृतितबकडी सापडली. तिच्यात झेनॉन वायूच्या स्निग्धतेवर यानात केलेल्या प्रयोगाची नोंद होती. माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञांनी तबकड्या काढून धुतल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसविल्या आणि जवळजवळ सर्व नोंद वाचली. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्धही झाला. आकाशातून पडलेल्या तबकडीचे हे. मग दोन दिवस पाण्यात राहिलेल्या शाळेच्या वा पतपेढीच्या संगणकाची आशा कोणी का सोडावी?

मात्र इथला नियम मोबाइलपेक्षा निराळा आहे. फिरत्या तबकडीच्या जुन्या पद्धतीच्या पेटीला बहुधा श्वास घेण्याचे बारीक छिद्र असते आणि त्यातून पुराचे पाणी आत जाते. ती पेटी घरी उघडू नये, चालू करून पाहू नये आणि उन्हात सुकवूही नये. आतील गाळ वाळून तबकडीवर घट्ट बसला म्हणजे वाचणारे टोक त्यावर आपटते. ती जशी ओली आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे धाडावी. खर्च बराच येतो. जिथे एखाद्या संस्थेची हिशेबाची किंवा विद्यार्थ्यांची एकमेव नोंद त्या पेटीत आहे तिथे तो करावाच लागतो. आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवली असती तर तो झालाच नसता.

काही वस्तू वाचविण्याच्या भरीस पडू नये. पाण्यात बुडालेले एमसीबी, जमिनीकडे गळणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारे स्विच, विजेच्या लाटेपासून रक्षण करणाऱ्या पट्ट्या, ही रक्षणाची साधने आहेत. ती वाळल्यावर चालू दिसतात, पण आतील गाळामुळे ऐन वेळी तुटणार नाहीत. ती सरळ बदलावीत. पंख्याची किंवा पंपाची मोटार मात्र जाणत्या माणसाकडून धुऊन, सुकवून, तिचे आवरण तपासून पुष्कळदा वाचते. मायक्रोवेव्ह भट्टी, नळीचा जुना दूरचित्रवाणी संच आणि आजोबांचा वाल्व्हचा रेडिओ घरी उघडू नयेत. प्लग काढल्यावरही त्यांच्या आत जीवघेणा विद्युत्-संचय राहू शकतो. या रेडिओची माया मोठी असते, आणि तो कारागिराच्या हातून पुन्हा बोलूही शकतो. पण वाळला म्हणून थेट विजेवर लावला तर कागदी कपॅसिटर आणि रोहित्र दोन्ही जातात.

राहता राहिली लिथियमची बॅटरी. अमेरिकेतील फ्लोरिडात २०२२ च्या इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारींनी पाणी ओसरल्यावर, काही दिवसांनी पेट घेतला. मोटार असो, स्कूटर असो वा मोबाइल, नियम एकच : बुडालेली बॅटरी चार्ज करू नये आणि ते वाहन घराच्या भिंतीपासून दूर, मोकळ्यावर उभे करावे. मोबाइलचे पाठीमागचे आवरण उचलल्यासारखे दिसू लागले तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. कोरड्या वाळूने भरलेल्या डब्यात ती ठेवावी, डब्याचे झाकण सैल असू द्यावे, आणि डबा ओट्यावर किंवा माळ्यावर न ठेवता अंगणात, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवून, दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर शक्य तितक्या लवकर देऊन टाकावी.